जीवामृत कालवायला एमएस्सी कशाला?

पत्र असं आहे:

"मी बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी सहा एकर कोरडवाहू काळी जमीन. सोयाबीन-तूर, आणि ओल असली तर हरभरा. मला सेंद्रिय शेतीत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय. बाबा म्हणतात, जीवामृत कालवायला एमएस्सी कशाला, गावात कोणीही शिकवील. नावातच 'सेंद्रिय शेती' असलेली एका खासगी विद्यापीठाची पदवी, आपल्या कृषी विद्यापीठातली कृषिविद्या (ॲग्रोनॉमी), नाहीतर परदेश, असे तीन रस्ते दिसतात. शिवाय सेंद्रिय शेती खरंच शाश्वत आहे, की नुसतं म्हणायचं, हेही मला नीट उमगलेलं नाही. कुठून सुरुवात करू? — एक वाचक, रिसोड तालुका, जि. वाशीम"

बाबांचं म्हणणं आधी घेऊ, कारण ते बरोबर आहे. जीवामृत म्हणजे २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, रोज काठीने ढवळायचं, आठवड्याच्या आत एकरभर वापरायचं. याला पदवी लागत नाही. पण आता हाच ड्रम अभ्यासकाच्या नजरेने बघ. शेणातून ३०-४० ग्रॅम नत्र (नायट्रोजन) आलं, बेसनातून ६०-७० ग्रॅम, गोमूत्रातून फार तर १०० ग्रॅम. म्हणजे एकराला सगळं मिळून पाव किलोच्या आत नत्र. मग जीवामृताने पीक हिरवं होतं ते कशामुळे? जिवाणूंमुळे, मातीत आधीच असलेली अन्नद्रव्यं मोकळी झाल्यामुळे, की त्याच शेतकऱ्याने त्याच वर्षी आच्छादन आणि आंतरपीकही केलं म्हणून? मोकळी झाली असतील तर किती वर्षं पुरतील? या प्रश्नांची उत्तरं ड्रमजवळ उभं राहून मिळत नाहीत. ती काढायला शिकणं, एवढ्यासाठीच एमएस्सी. बाबांना हे असंच सांग, त्यांना पटेल.

आता रस्ता कोणता. पदवीवर कोणतं नाव छापलंय याला आम्ही फार महत्त्व देत नाही. तू एम.एस्सी. (कृषी) कृषिविद्या किंवा मृदाशास्त्र या विषयात करावी आणि प्रबंध सेंद्रिय शेतीवर लिहावा, हे आमचं स्पष्ट मत. कारण व्यवहारातलं आहे. पुढे सहायक प्राध्यापक किंवा संशोधक व्हायचं तर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा लागते, आणि नेटच्या विषययादीत कृषिविद्या आहे, मृदाशास्त्र आहे, सेंद्रिय शेती हा वेगळा विषय नाही. वेगळ्या नावाची पदवी कोणत्या विषयाशी समकक्ष धरायची यावर प्रत्येक अर्जाच्या वेळी खुलासा करत बसावं लागतं. ज्या खासगी विद्यापीठाचं तू लिहितेस, तिथे प्रवेश घेण्याआधी त्यांच्याकडून दोन गोष्टी लेखी घे: ही पदवी कोणत्या मूळ विषयाशी समकक्ष आहे, आणि प्रक्षेत्रावर प्रमाणित सेंद्रिय जमीन किती एकर आणि कधीपासूनची आहे. दुसऱ्या गोष्टीचं उत्तर टाळलं गेलं तर समजून जा.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सध्याच्या अभ्यासक्रमात एमएस्सीला ७० श्रेयांक (क्रेडिट) आहेत. त्यातले ३० एकट्या प्रबंधाचे, मुख्य विषयाचे २०. कृषिविद्येत सेंद्रिय शेतीची तत्त्वं आणि पद्धती हा एक पेपर आहे, पण तो एकच. म्हणजे तुझं सेंद्रिय शेतीचं शिक्षण वर्गात थोडं आणि प्रबंधाच्या शेतात जास्त होणार. म्हणून कॉलेज निवडण्याइतक्याच काळजीने मार्गदर्शक आणि शेत निवडायचं.

प्रवेशाचं थोडक्यात: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही विद्यापीठांसाठी राज्याची सीईटी, आणि बाहेरच्या राज्यांसाठी परिषदेची अखिल भारतीय परीक्षा. या दुसऱ्या परीक्षेत अर्ज भरताना जो विषयगट निवडशील त्याच गटातले विषय पुढे मिळतात. मृदाशास्त्र हवं आणि गट भलताच, ही चूक दरवर्षी होते, आणि निकाल लागल्यावर ती दुरुस्त होत नाही.

आता खरी अडचण. निर्यातीसाठीच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे हंगामी पिकाला पेरणीआधी २४ महिने आणि फळबागेला पहिल्या तोडणीआधी ३६ महिने रूपांतराचा काळ, म्हणजे रसायनं सोडून नियमांप्रमाणे शेती करण्याचा काळ, लागतो. तुझी एमएस्सी दोन वर्षांची. प्रवेश लांबला की पहिला खरीप हातून गेलेला असतो आणि प्रबंधाला एकच खरीप उरतो. कालपर्यंत युरिया पडलेल्या तुकड्यावर यंदा शेणखत टाकून तू सोयाबीन घेतलंस, तर तू मोजतेस ते रूपांतराचं पहिलं वर्ष. सेंद्रिय शेती त्यात नाहीच. पहिल्या वर्षी जमिनीतले जिवाणू आणि किडींचे नैसर्गिक शत्रू सावरलेले नसतात, तणांचा साठा तसाच असतो. उत्पादन घटतं, आणि प्रबंधात निष्कर्ष येतो की सेंद्रिय परवडत नाही. उलटही होतं: आधीच्या खतांचा साठा शिल्लक असल्यामुळे पहिल्या वर्षी घट दिसतच नाही, आणि निष्कर्ष येतो की काहीच फरक पडत नाही. दोन्ही निष्कर्ष चुकीचे, आणि दोन्ही ग्रंथालयात ठेवले जातात.

यावर उपाय म्हणजे जिथे बरीच वर्षं चाललेला कायमस्वरूपी प्रयोग आहे तिथे जाणं. मेरठजवळच्या मोदीपुरमच्या शेती पद्धती संशोधन संस्थेने २००४ पासून सेंद्रिय शेतीचा देशव्यापी जाळं-प्रकल्प चालवलाय. आपल्या राज्यात त्याचं केंद्र कर्जतला, कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. मात्र तिथलं पीक भात आणि पाऊस कोकणचा. तुझ्या जमिनीच्या जवळचा प्रयोग मध्य प्रदेशात खरगोन जिल्ह्यातल्या कसरावदला आहे: काळी माती, कापूस-सोयाबीन-गहू, २००७ पासून. स्वित्झर्लंडच्या सेंद्रिय शेती संशोधन संस्थेने तो उभा केला. अशा ठिकाणच्या प्लॉटवरून मातीचे नमुने घेऊन प्रबंध करता येतो का, हे मार्गदर्शकाला पहिल्याच भेटीत विचार.

त्याच भेटीत हेही विचार: इथला सेंद्रिय प्लॉट कोणत्या वर्षापासून आहे आणि वर्षवार नोंदवही आहे का? प्लॉटचा उतार कुठे, आणि वरच्या अंगाला रासायनिक प्लॉट आहे का? जुलैच्या जोरदार पावसात वरचं पाणी खाली उतरतं आणि सोबत खतही उतरतं. शेणखत कुठून येतं? बाहेरून ट्रॉलीने येत असेल तर दरवर्षी त्याचा कस वेगळा. शेणखताचं पृथक्करण वापरण्याआधी होतं की नंतर? ज्या मार्गदर्शकाला असे प्रश्न आवडतात, त्याच्याकडे जागा मिळवायची धडपड कर. विद्यापीठ दुसऱ्या पसंतीचं असलं तरी चालेल.

प्रयोग आखताना सगळ्यात जास्त घोटाळा खताच्या हिशेबात होतो. सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद (फॉस्फरस), ३० किलो पालाश (पोटॅश) ही शिफारस धर. सेंद्रिय प्लॉटमध्ये 'नत्राच्या बरोबरीने शेणखत' असं लिहिलं जातं. प्रयोगशाळेचा अहवाल सांगतो, नत्र ०.८ टक्के. विद्यार्थी ३० भागिले ०.८ करतो आणि पावणेचार टन शेणखत टाकतो. पण तो आकडा वाळवलेल्या नमुन्याचा असतो. ढिगातल्या खतात ४० टक्के ओल असेल तर प्रत्यक्ष नत्र ०.४८ टक्केच, आणि लागतं सव्वासहा टन. प्रयोग पेरणीच्या दिवशीच बिघडला, हे पुढे कोणाला कळतही नाही. म्हणून खत टाकण्याच्या दिवशी शंभर ग्रॅम खत वजन करून भट्टीत वाळव आणि ओलीचा आकडा वहीत लिही. काम एका दिवसाचं आहे.

दुसरी बाजू स्फुरदाची, आणि ती जास्त गंभीर आहे. सव्वासहा टन शेणखतातून नत्र ३० किलो आलं, पण स्फुरद साधारण १२ ते १५ किलो. रासायनिक प्लॉटला ६० किलो मिळालं. नंतर उत्पादनात जो फरक येतो तो सेंद्रिय-रासायनिकचा की स्फुरदाच्या उपासमारीचा, हे त्या आकड्यांतून कधीच वेगळं काढता येत नाही. रॉक फॉस्फेट सेंद्रियमध्ये चालतं, पण आपल्या चुनखडीच्या, आठच्या आसपास सामू (पीएच) असलेल्या जमिनीत ते नुसतं टाकलं तर विरघळत नाही. त्याला आम्लता लागते. ते कंपोस्ट कुजत असतानाच थरांमध्ये मिसळलं तर कुजण्यातली सेंद्रिय आम्लं काही भाग मोकळा करतात. त्यासाठी पेरणीच्या तीन-साडेतीन महिने आधी, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीला, ढीग लागलेला हवा. प्रबंधाचा आराखडा मे महिन्यात मंजूर होतो आणि मग शेणखताची शोधाशोध सुरू होते, हे चित्र बदलणं तुझ्या हातात आहे.

कंपोस्टसाठी तुला लांब बघायची गरज नाही. नाडेप पद्धत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातली, पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची. १० बाय ६ बाय ३ फुटांचं जाळीदार विटांचं टाकं, त्यात सुमारे १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, १७५० किलो चाळलेली माती. थरावर थर, वरून शेणमातीचा लेप. तीन ते चार महिन्यांत खत तयार. बिघडतं ते दोन ठिकाणी. लेपाला भेगा पडतात आणि कोणी बुजवत नाही, म्हणून आतला कचरा वाळून तसाच राहतो. किंवा विटांमधली भोकं लिंपली जातात आणि आत आंबूस वास सुटतो. सोयाबीनच्या कुटाराबरोबर तुराट्या घालणार असशील तर त्या बारीक करून घाल, नाहीतर चार महिन्यांनी जशाच्या तशा निघतात.

आराखड्याच्या बाबतीत एकच आग्रह: सात प्रक्रिया (ताडून बघायच्या खतपद्धती) घेतल्यास तर प्रत्येकीच्या किमान तीन पुनरावृत्ती, म्हणजे त्रुटीचे स्वातंत्र्यांश (चूक मोजायला उरणारी स्वतंत्र माहिती) १२ होतात. त्याखाली उतरू नको. मजूर कमी पडतात म्हणून प्रक्रिया चार आणि पुनरावृत्ती तीन केल्या की स्वातंत्र्यांश सहावर येतात, आणि खरा फरक असूनही तक्त्यात 'असार्थ' (फरक सिद्ध नाही) छापून येतो. बियाणं वेळेत सांगून ठेव, कारण बुरशीनाशक लावलेलं पाकीटबंद बियाणं सेंद्रिय प्लॉटला चालत नाही. कापूस घेणार असलीस तर बिगर-बीटी बियाणं शोधायला हंगामाआधी चार महिने दे. आणि तण. पंधरा-वीस दिवसांनी पहिली डवरणी (ओळींमधली कोळपणी), तीस-पस्तीस दिवसांनी दुसरी, हे कागदावर सोपं आहे. जुलैच्या झडीत काळ्या रानात डवरा चालतच नाही आणि दहा दिवसांत तण पिकाच्या वर जातं. निंदणाच्या मजुरीची तरतूद आधीच कर आणि निंदणाला किती माणसं, किती तास लागले, ते प्रत्येक प्लॉटचं वेगळं लिही. सेंद्रियचा खरा खर्च इथे असतो.

माती मोजताना सेंद्रिय कर्बाच्या (कार्बनच्या) मागे लागशील, सगळेच लागतात. जरा गणित कर. एक हेक्टर, १५ सेंटिमीटर खोल, घनता १.३ धरली तर माती १९५० टन. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे जवळपास २ टन कर्ब मातीत टिकायला हवा. दहा टन ओलसर शेणखतात कोरडा भाग ६ टन, त्यात कर्ब साधारण दीड टन, आणि त्यातला पाचवा हिस्सा वर्षभर टिकला तरी ३०० किलो. म्हणजे वाढ ०.०१५ टक्के. टायट्रेशनमध्ये हाताची चूक याहून मोठी असते. एका हंगामात कर्ब ०.५२ वरून ०.६१ झाला असं तुझ्या तक्त्यात आलं तर आनंद मानू नको. नमुना घेण्यात कुठे चुकलं ते शोध. एका हंगामात हलणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत: परमँगनेटने ऑक्सिडीकरण होणारा सक्रिय कर्ब, जिवाणूंच्या शरीरातला कर्ब, डिहायड्रोजिनेज विकराची (एन्झाइमची) क्रिया. त्या मोज.

आणि काळ्या मातीचे आणखी दोन सापळे. मशीनवर जाळून कर्ब मोजलास तर चुनखडीतला कर्बही त्यात येतो. आधी आम्लाने चुनखडी काढ किंवा तिचा कर्ब वेगळा मोजून वजा कर. वॉकली-ब्लॅक या टायट्रेशनच्या पद्धतीला चुनखडीची अडचण नाही, पण ती सरासरी ७७ टक्केच कर्ब पकडते म्हणून १.३ ने गुणतात. एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी दुसरी पद्धत वापरून तुलना करू नको. दुसरा सापळा घनतेचा: आपली माती ओलीला फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे जूनमधली आणि मार्चमधली घनता एकमेकींशी ताडून बघता येत नाही.

नफ्याच्या तक्त्याचंही सांगून ठेवतो. सेंद्रिय मालाला वाढीव भाव धरून नफा-खर्च गुणोत्तर काढायची पद्धत पडलीय. पण रूपांतराच्या काळातला माल 'सेंद्रिय' म्हणून विकता येत नाही. म्हणून हिशेब दोन भावांनी काढ: बाजार समितीतला भाव आणि प्रमाणित मालाचा भाव. दोन्ही स्तंभ शेजारी ठेव.

शाश्वततेचा तुझा प्रश्न आम्हाला मनापासून आवडला. स्वित्झर्लंडमध्ये थेरविल इथे १९७८ पासून सेंद्रिय आणि नेहमीची रासायनिक शेती प्रयोगात शेजारीशेजारी चाललीय. २१ वर्षांच्या निकालात सेंद्रियचं उत्पादन सुमारे २० टक्के कमी होतं, पण खत आणि ऊर्जेचा वापर ३४ ते ५३ टक्के कमी होता आणि मातीतलं जीवन अधिक समृद्ध होतं. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. दुसरीकडे श्रीलंका: एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. तेवढं सेंद्रिय खत देशात नव्हतं आणि शेतकऱ्याला वेळ दिला गेला नाही. सेंद्रिय शेती त्या एका वर्षात खोटी ठरली नाही. अन्नद्रव्यं कुठून आणायची हे न ठरवता ती सुरू केली, तिथे चुकलं.

तोच प्रश्न तुझ्या घरचा आहे. सहा एकरांत एकरी ८ क्विंटल धरलं तर ४८ क्विंटल सोयाबीन. ते विकलं की दाण्यांतून २५ ते ३० किलो स्फुरद, मूलद्रव्याच्या हिशेबात, शेताबाहेर जातं. नत्राचा मोठा भाग गाठीतले जिवाणू हवेतून भरून काढतात. स्फुरदाला अशी सोय नाही. स्फुरद विरघळवणारे जिवाणू मातीतला साठा उघडतात, नवा तयार करत नाहीत. एकरी ४ टन शेणखत धरलं तर २४ टन लागेल. एका मोठ्या जनावराचं दिवसाला १० किलो शेण, कुजून वर्षाला दोन टनांच्या आसपास खत. म्हणजे बारा जनावरं. घरी किती आहेत? कमी असतील तर बाकीचं खत दुसऱ्याच्या शेतातून येतं, आणि त्याच्या शेताचं काय, हा प्रश्न उभा राहतो. तुरीचा पाला, ताग-धैंचाचं हिरवळीचं खत, बांधावरची गिरिपुष्प, कुटार न जाळता परत मातीत. यांतून किती भरपाई होते हे विदर्भाच्या कोरडवाहू शेतात कोणी नीट मोजलं तर आम्हाला तो प्रबंध वाचायचाय. विषय हवा असेल तर हा घे.

परदेशाचं विचारलंस. जर्मनीत कासेल विद्यापीठाच्या विट्झेनहाउझेन इथे सेंद्रिय कृषीचा स्वतंत्र विभाग आहे. होहेनहाइम विद्यापीठातही सेंद्रिय शेती आणि अन्नव्यवस्थेची इंग्रजीतून एमएस्सी आहे, पण ते जिथे आहे ते बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो शुल्क घेतं. तिथली थंड हवा आणि बारमाही गवत इथे आणता येणार नाही, मोजण्याची शिस्त आणता येईल. आमच्या मते आधी इथे एमएस्सी कर आणि पीएच.डी.च्या वेळी तिकडचं बघ. शिक्षणानंतर विद्यापीठाबाहेरचं कामही बरंच आहे: प्रमाणीकरण संस्थेत निरीक्षक, किंवा २५ ते ५०० शेतकऱ्यांच्या गटाची अंतर्गत नियंत्रण व्यवस्था सांभाळणारी व्यक्ती. तिथे शेताचे नकाशे, नोंदवह्या आणि खताचा हिशेब वाचता येणारी माणसं लागतात.

सुरुवात कुठून, तर घरच्या एका एकरापासून, प्रवेशाची वाट न बघता. शेजाऱ्याच्या फवारणीपासून दूर आणि उताराच्या वरच्या अंगाला असलेला एकर निवड. पाच शेतकरी जमले तर शेतकऱ्यांनीच एकमेकांची तपासणी करायच्या सहभाग हमी पद्धतीचा स्थानिक गट नोंदवता येतो. रूपांतराचा काळ नोंदणीपासून धरतात, त्यामुळे 'आम्ही तीन वर्षांपासून युरिया टाकत नाही' याचा कागदाशिवाय उपयोग नाही. तूर निघाली की, पहिल्या वखरणीच्या आधी, त्या एकरातून नागमोडी चालत दहा-बारा जागी १५ सेंटिमीटर खोल व्ही आकाराचा खड्डा घेऊन नमुने काढ. बांध, झाडाखालची जागा आणि जुना उकिरडा सोड. घमेल्यात एकत्र करून चार भाग करत अर्धा किलोवर आण, सावलीत वाळव. सामू, सेंद्रिय कर्ब, मुक्त चुनखडी, उपलब्ध स्फुरद आणि जस्त एवढं तपासून घे. मार्गदर्शकाला भेटायला जाशील तेव्हा तो अहवाल सोबत ने, आणि एक प्रत आम्हालाही पाठव.